हाडांचं बारसं

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या शाळेत सरांच्या प्रयोगशाळेत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक तक्ता दिसायचा. कापडी पाठीच्या कागदावर, काळ्या शाईने, सरांनी स्वतः काढलेला. वर मथळा 'मानवाची वंशावळ', आणि खाली, झाडाच्या बुंध्याशी, एक नाव: रामापिथेकस. त्याच्यापुढे लिहिलेलं असे, '१ कोटी ४० लाख वर्षे'. आमच्या पिढीने ते नाव पाठ केलं आणि परीक्षेत टिपेत लिहून गुण मिळवले. माणसाच्या घराण्याचा मूळपुरुष आपल्या शिवालिक टेकड्यांत सापडला आणि त्याचं नाव रामावरून ठेवलं, याचा आम्हाला केवढा अभिमान वाटायचा!

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागलो. काही वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर सरांचं. लिहिलं होतं की रामापिथेकस आपल्या घराण्यातला नव्हे असं आता दिसतं आहे, मी तुम्हाला तो मूळपुरुष म्हणून शिकवला, तरी दुरुस्ती करून घ्यावी आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही सांगावी. ज्यांचे पत्ते हाताशी होते त्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी असं कार्ड घातलं होतं. दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा सर म्हणाले, "अरे, पत्ते ज्यांचे आहेत त्यांना कळवलं. बाकीच्यांना कुठं शोधू?"

आज सरांच्या स्मरणार्थ बोलायला उभा आहे, तर त्या कार्डाविषयीच बोलावं असं ठरवून आलो आहे. जगभरच्या विद्वानांनी मान्य केलेला मूळपुरुष वंशावळीतून बाहेर कसा पडला? आणि मुळात हाडाच्या तुकड्याला नाव देतात म्हणजे नेमकं काय करतात?

आमच्या मिरज-कोल्हापूरकडे सुगीनंतर हेळवी यायचे. बैल घेऊन दारात उभे राहायचे आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचे. अमक्याचा अमका, त्याचे दोन भाऊ, एक अमक्या गावी गेला. घरातलं म्हातारं माणूस मध्येच एखादी दुरुस्ती सांगायचं. मानवशास्त्रज्ञाचं काम काहीसं हेळव्यासारखं आहे, फक्त त्याला दुरुस्ती सांगायला घरात कुणी म्हातारं माणूस उरलेलं नाही. त्याच्यापुढे असतात चार दात, अर्धा जबडा, कवटीची एक बाजू. तेवढ्यावरून त्याने सांगायचं की हा आपला सख्खा की चुलत, की मुळात भाऊबंदच नव्हे.

नाव देण्याची रीत स्वीडनच्या लिनियसची. १७५८ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांची शास्त्रीय नावं धरली जातात. दोन शब्दांचं नाव, पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव मागून येतं, तसं. होमो हे आपलं आडनाव, सेपियन्स हे नाव. इतर प्राण्यांची लक्षणं लिनियसने दात, बोटं, स्तन मोजून दिली. होमोपुढे मात्र त्याने लक्षण दिलंच नाही, 'स्वतःला ओळख' एवढंच लॅटिनमध्ये लिहिलं. ही जागा मी जेव्हा जेव्हा विद्यार्थ्यांना दाखवली तेव्हा वर्ग शांत झालेला पाहिला आहे.

नावाचे कायदे नंतर झाले आणि ते कडक आहेत. प्रत्येक नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना कुठल्या तरी कपाटात, क्रमांक घालून ठेवलेला असतो. त्या जातीविषयीचं मत बदललं तरी नाव त्या नमुन्याला चिकटून राहतं. दोन नावं एकाच जातीची निघाली तर आधी छापलेलं नाव टिकतं, मागचं गळतं. त्यामुळे हाडाचं बारसं हा गोड सोहळा नाही. नाव ठेवणारा माणूस छापील कागदावर नात्याचा दावा करतो, आणि तो दावा पुढच्या प्रत्येकाला तपासता येतो.

आता रामापिथेकसकडे येऊ. १९३२ साली येल विद्यापीठाचा एक तरुण विद्यार्थी, एडवर्ड लुईस, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगर इथे जीवाश्म शोधत होता. त्याला वरच्या जबड्याचा उजव्या बाजूचा एक तुकडा मिळाला, थोडे दात असलेला. १९३४ साली त्याने त्याला रामापिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस हे नाव दिलं. शिवालिकमधल्या वानरांना देवादिकांची नावं देण्याची चाल आधीपासून होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिमने १९१० सालीच शिवापिथेकस हे नाव दिलं होतं. लुईसने रामाबरोबर ब्रह्मा आणि सुग्रीव यांच्या नावांचेही वानर नोंदवले. रामापिथेकसचे दात माणसाच्या वळणावर जातात असं लुईसचं म्हणणं होतं. त्या वेळी मोठ्या मंडळींनी ते फेटाळलं आणि तुकडा कपाटात गेला.

१९६१ साली जीवाश्मशास्त्रज्ञ एल्विन सायमन्सने तो पुन्हा बाहेर काढला. पुढे डेव्हिड पिलबीम त्याच्याबरोबर आला. दोघांनी युक्तिवाद मांडला तो असा: सुळा लहान, दाढांवरचं दंतवल्क जाड, तोंड आखूड, आणि दातांची रांग माणसासारखी मागे फाकत जाणारी. चिंपांझीच्या दातांच्या रांगा एकमेकींना समांतर असतात, इंग्रजी यू अक्षरासारख्या. आपल्या मागे फाकतात. केनियातल्या फोर्ट टर्ननचा १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा जबडाही त्यांनी याच नावाखाली घेतला. सरांच्या तक्त्यावरचा आकडा तिथून आला होता.

घोटाळा दातांच्या रांगेत होता. त्या दिवाळीत सरांनी मला तो समजावला. त्यांच्या टेबलाच्या खणात फुटलेल्या काचेच्या बांगडीचे दोन तुकडे होते. सारख्या लांबीचे, सारख्या वळणाचे. त्यांनी ते कागदावर ठेवले. टोकं जवळ आणली आणि मागची बाजू फाकवली, कमान झाली. टोकं जरा दूर ठेवून तुकडे सरळ केले, घोड्याचा नाल झाला. "तुकडे तेच," सर म्हणाले, "मधला भाग नाही, म्हणून हे माझ्या हातात आहे." लुईसच्या तुकड्यात जबड्याची मधली रेघ नव्हती. एक बाजू होती, दुसरी तिच्या आरशातल्या प्रतिमेसारखी धरायची होती, आणि आरसा कुठे, कोणत्या कोनात धरायचा हे पाहणाऱ्याच्या मनात असलेल्या चित्रावर ठरत होतं. मी पुढे पंचवीसेक वर्षं वर्गात हा प्रयोग केला. बांगडीचे तुकडे माझ्याही खणात असतात.

पहिला जोरदार धक्का दगडाबाहेरून बसला. बर्कलीच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १९६७ साली रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घेतलं आणि माणूस, चिंपांझी, गोरिला, माकडं यांच्यातलं त्याचं अंतर मोजलं. दोन प्राण्यांचं मूळ जितकं जुनं, तितका प्रथिनांतला फरक मोठा. या हिशोबाने माणूस आणि आफ्रिकी वानर फुटून सुमारे ५० लाख वर्षंच झाली होती. ५० लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या घराचा वारस १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी जन्मलेला असू शकत नाही. जीवाश्म अभ्यासणाऱ्या मंडळींना हे पटायला पुष्कळ वर्षं लागली. रक्ताच्या थेंबाने हाडाची साक्ष खोडावी हे त्यांना सहन होत नव्हतं.

शेवटी साक्ष हाडानेच दिली. पिलबीम पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर मोहीम चालवत होता. तिथे शिवापिथेकसचा जवळजवळ पूर्ण चेहरा मिळाला, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचा. १९८२ साली त्याने त्याचं वर्णन छापलं. डोळ्यांच्या खोबण्या उभट आणि एकमेकींच्या जवळ, मधला भाग बशीसारखा खोलगट, नाकाचा तळ गुळगुळीत पुढे सरकणारा. हा चेहरा सुमात्रा-बोर्निओच्या ओरांगउटानचा होता. आणि रामापिथेकस या शिवापिथेकसपासून वेगळा काढता येत नव्हता. लहान सुळ्याचे ते नमुने बहुधा त्याच वानराच्या माद्यांचे होते. शिवापिथेकस हे नाव १९१० चं, रामापिथेकस १९३४ चं. नियमाप्रमाणे जुनं राहिलं. राम शिवात विलीन झाला, असं सर म्हणाले, आणि ते हात जोडून म्हणाले होते.

पिलबीमचा मला फार आदर वाटतो तो इथे. ज्या मताने त्याचं नाव झालं ते मत मोडणारा चेहरा त्याच्याच मोहिमेत निघाला, आणि त्याने तो स्वतः छापून जगापुढे ठेवला.

रामापिथेकस गेला, आणि त्याच १९८२ साली आपल्या भूमीत एक खरं मानवी हाड सापडलं. मध्य प्रदेशात, नर्मदेच्या उत्तर काठावर, हथनोरा नावाचं गाव आहे. पूर्वीच्या होशंगाबादपासून फार लांब नाही. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना तिथल्या गोट्यांच्या थरात कवटीचा भाग मिळाला. भारतात मिळालेली इतकी प्राचीन मानवी कवटी आजही ती एकच आहे.

मी त्या काठावर गेलो आहे. परिक्रमावासी 'नर्मदे हर' म्हणत वरच्या वाटेने जात होते आणि मी खाली दरडीपाशी उकिडवा बसलो होतो. गोटे आणि वाळू चुनखडीने अशी घट्ट धरलेली की हाताने एक खडा सुटत नाही. नदीने हजारो वर्षं जे जे वाहून आणलं ते सगळं त्या थरात एकत्र जखडलं आहे: हत्तीचे, पाणघोड्याचे, रानबैलाचे अवशेष, दगडी हातकुऱ्हाडी आणि ही कवटी. म्हणून तिचं वय काढणं अवघड. नदीच्या थरात शेजारी पडलेली दोन हाडं एकाच काळातली असतीलच असं नाही.

या कवटीची साच्यावरून काढलेली प्रतिकृती मी हातात धरली आहे. उजवी बाजू बरीचशी आहे, डावीकडची थोडी. चेहरा नाही, जबडा नाही, एकही दात नाही. अंगठा भुवईच्या जागेवरून फिरवला की हाडाची जाड कड लागते. आपल्या कपाळावर तशी कड नसते. कपाळ बसकं, हाड जाड. बहुधा तिशीच्या आसपासची स्त्री, असं अभ्यासकांनी सुचवलं आहे. त्या कडेवर अंगठा ठेवून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. प्रतिकृती आहे हे ठाऊक असूनही.

तिचं पहिलं बारसं १९८४ साली झालं: होमो इरेक्टस नर्मदेन्सिस. इरेक्टस म्हणजे जावात १८९१ साली द्युबुआला ज्याची कवटी मिळाली ते घराणं. नर्मदेन्सिस ही नर्मदाकाठची पोटशाखा. जाड हाड आणि भुवईची कड यांवरून हे स्वाभाविक होतं. मग केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी तिची पुन्हा बारकाईने तपासणी केली. सहकाऱ्यांत सोनकिया स्वतः होते. मेंदूच्या पोकळीचा अंदाज आला ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर. इरेक्टसचा मेंदू सहसा त्याहून लहान असतो, आपला सरासरी १३५० च्या आसपास. इतरही लक्षणं पाहून १९९१ साली त्यांनी मत दिलं की ही होमो सेपियन्सचीच, पण प्राचीन वळणाची. ज्यांनी पहिलं नाव दिलं त्यांचीच दुसऱ्या नावावर सही आहे. पुढे काही अभ्यासकांनी तिला युरोप-आफ्रिकेतल्या होमो हायडेलबर्गेन्सिसच्या जवळ नेलं. २००७ साली शीला अत्रेय यांनी मोजमापांची नव्याने तुलना केली आणि दाखवलं की ती कुठल्याच तयार खणात नीट बसत नाही. सध्या तिला फक्त आडनाव द्यावं, होमो एवढंच, आणि जातीची जागा मोकळी ठेवावी.

मला हे शेवटचं फार पटतं. इथे काही जण नाराज होतात, इतकी वर्षं झाली आणि साधं नाव ठरत नाही म्हणतात. पण तिच्यापाशी ना चेहरा, ना दात. चीनमधल्या, आफ्रिकेतल्या नमुन्यांवरून आखलेल्या खणांत तिला कोंबायचं कशासाठी? आपल्या उपखंडात इतकी प्राचीन दुसरी कवटी नाही. तिच्या अंगावर जे आहे ते या भूमीतल्या माणसांचं स्वाभाविक वळण, की तिचं एकटीचं, हे सांगायला शेजारी दुसरं कुणी उभं नाही. त्याच परिसरात संशोधक अनेक सांख्यान यांना पुढे गळपट्टीचं एक हाड मिळालं, १९९७ साली ते प्रसिद्ध झालं. ते ठेंगण्या बांध्याच्या कुणाचं तरी आहे. ती आणि हे एकाच जातीतले का, हा प्रश्नही अजून खुलाच आहे.

हत्यारं मात्र आपल्याकडे ढिगांनी आहेत. प्रवरेच्या काठी नेवाशाला, गोदावरीच्या काठी गंगापूरला, कुकडीच्या काठी बोरीला. ह. धी. सांकलियांनी आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी नद्यांच्या दरडी पायी तुडवून ती गोळा केली. चेन्नईजवळच्या अत्तिरम्पाक्कमला तर शांती पप्पू यांना मिळालेली हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांची ठरली. पंधरा लाख वर्षं इथे कुणीतरी दगड घडवत होतं. महाराष्ट्रात त्या हातांचं एक बोटही अजून मिळालेलं नाही.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जात हा शब्द आपल्या भाषेत जीवशास्त्राने घेतला तेव्हा तो कोरा नव्हता. कवटीचं माप घेणाऱ्या हातांचा इतिहासही कोरा नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. त्यांना विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेचा. युरोपीय गोऱ्यांच्या कवट्यांची ठेवण वेगळी आणि त्यात त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसतं, असं गुरूचं गृहीतक. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळीकडे सापडली, वंशाशी तिचा संबंध काही सापडला नाही, आणि तेच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, एकटी बाई, आणि गुरू असा की पुढे नाझी राजवटीत त्याच्या वंशशास्त्राला मान मिळाला. पुढे त्याच इरावतीबाई सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननात हाडं उकरत बसल्या.

वर्गीकरण नातं सांगण्यासाठी असतं. ते पायऱ्या लावण्यासाठी वापरलं की मोजपट्टी खोटं बोलायला लागते. सरांच्या तक्त्यावर झाड होतं, शिडी नव्हती, हे मला इरावतीबाईंचं ते काम कळल्यावर नीट दिसलं.

जीवशास्त्रात जात साधारणपणे बेटीव्यवहारावर ठरते. आपसांत संतती होते आणि ती पुढे चालते, तर जात एक. निअँडरथल १८५६ साली जर्मनीतल्या एका दरीत सापडला, १८६४ साली विल्यम किंगने त्याला वेगळ्या जातीचं नाव दिलं. आता डीएनएने दाखवलं आहे की आफ्रिकेबाहेरच्या बहुतेक माणसांच्या जनुकांत एक-दोन टक्के वाटा निअँडरथलचा आहे. इथे बसलेल्या तुम्हा-आम्हा सगळ्यांच्यात तो आहे. बेटीव्यवहार झाला होता, मग जात वेगळी कशी? यावर आजही दोन पक्ष आहेत. माझं मत विचाराल तर लाखो वर्षं दोन घराणी वेगळी वाढली, अधूनमधून सोयरीक झाली, तेवढ्याने घरं एक होत नाहीत.

आणि उलटी तऱ्हा सायबेरियाच्या डेनिसोव्हा गुहेत घडली. करंगळीच्या हाडाचा एवढासा तुकडा. त्यातल्या डीएनएवरून २०१० साली कळलं की हा निअँडरथलही नव्हे आणि आपणही नव्हे. चेहरा माहीत नाही, बांधा माहीत नाही, पण जनुकांची सगळी पोथी हातात. शास्त्रज्ञांनी त्यांना रीतसर जातीचं नाव दिलं नाही, गुहेवरून डेनिसोव्हन म्हटलं आणि थांबले. दरम्यान चीनमधल्या हार्बिनला १९३३ साली पुलाच्या कामावर एका मजुराला सापडलेली कवटी उजेडात आली. जपानी अंमल होता, म्हणून त्याने ती पडीक विहिरीत लपवली आणि आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. मरण्यापूर्वी घरच्यांना सांगितलं. २०१८ साली ती संशोधकांकडे आली, २०२१ साली तिला होमो लाँगी हे नाव मिळालं. २०२५ साली तिच्यातली प्रथिनं आणि दातांवरच्या कीटणातला डीएनए तपासला, तेव्हा ती डेनिसोव्हन ठरली. पंधरा वर्षं बिनचेहऱ्याच्या माणसाला चेहरा मिळाला. नाव कोणतं चालेल यावर आता वाद आहे, आणि त्या वादात आधी छापलेलं नाव टिकतं हा जुना नियम पुन्हा कामाला आला आहे.

नर्मदेच्या कवटीतून अजून डीएनए मिळालेला नाही. आपल्याकडची उष्णता आणि पावसाचं पाणी त्याला टिकू देत नाहीत. प्रथिनं जास्त चिवट असतात. पण प्रथिनांसाठी हाताशी दात असला तर बरं, आणि हथनोऱ्याला दात मिळालेला नाही. दरवर्षी पूर येतो, दरड थोडी कोसळते, नवा थर उघडा पडतो. पाणी ओसरल्यावर तिथे कुणीतरी चालत जाऊन बघायला पाहिजे, दरवर्षी, डोळ्यात तेल घालून. समोर बसलेल्या मुलामुलींनो, हे तुम्हाला सांगतो आहे.

आजच्या कार्यक्रमाआधी मी शाळेत जाऊन आलो. प्रयोगशाळा दुसऱ्या खोलीत हलली आहे, पण तक्ता आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत. रामापिथेकस सरांनी खरवडून काढलेला नाही. नावावरून तांबड्या शाईची एकच आडवी रेघ मारली आहे, खालचं नाव वाचता येतं, आणि बाजूला बारीक अक्षरात दुरुस्तीचं साल घातलं आहे. उजवीकडच्या एका फांदीला त्यांनी 'नर्मदा, हथनोरा' असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. त्यावर शाई फिरवलेली नाही.